डाव्या खिडकीतला चंद्र

हीथ्रो ते मुंबई हे अंतर सात हजार दोनशे किलोमीटर आहे, हे डॉक्टर शशिधर निजसुरे यांनी दोऱ्याने मोजून काढलं, तेव्हा लंडनच्या ईलिंगमधल्या त्यांच्या घरात कोणीही त्यांना ते विचारलेलं नव्हतं.

दोरा वीणाताईंच्या शिवणाच्या डब्यातला, जांभळा. पृथ्वीचा गोल हाय स्ट्रीटवरच्या, जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधला. त्यावर सोव्हिएत युनियन अजून शाबूत होतं, पण अंतराला राजकारणाशी कर्तव्य नसतं. शशिधररावांनी हीथ्रोच्या जागी टाचणी खुपसली, दोरा ताणून मुंबईला नेला, फूटपट्टीवर मोजला, गुणाकार केला. उत्तर विमान कंपनीच्या आकड्यापेक्षा अकरा किलोमीटरने कमी आलं. ती चूक त्यांनी मोठ्या मनाने कंपनीच्या नावे टाकली.

हे सगळं सुरू झालं ते मालूताईंच्या एका फोनवरून. मालूताई म्हणजे मालविका, वीणाताईंची थोरली बहीण, वय वर्षं चौऱ्याहत्तर, मुक्काम विलेपार्ले. वीणाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात ठरलं होतं आणि बहिणीने उशाशी असावं एवढीच त्यांची इच्छा होती. मालूताईंनी व्हिसा काढला, लोकरीचे मोजे घेतले, तिकीटही निघालं, आणि मग त्यांनी कालनिर्णय उघडलं.

"वीणा, त्या दिवशी संकष्टी आहे गं," त्या फोनवर म्हणाल्या. "चंद्र बघितल्याशिवाय मी जेवत नाही. एकेचाळीस वर्षांत एक मोडली नाही. विमानात मला चंद्र कोण दाखवणार? मी आपली पुढच्या आठवड्यात येते."

पुढच्या आठवड्यात म्हणजे ऑपरेशन झाल्यावर. वीणाताई काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत तेव्हा घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकून होते. शशिधररावांनी फोन हातात घेतला आणि आयुष्यात माणसाने एकदाच उच्चारावं असं वाक्य उच्चारलं.

"मालूताई, तुम्ही निघा. विमानातून चंद्र मी दाखवतो."

शशिधररावांनी चौतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ म्हणून काढली होती. टेबलावरच्या माणसाने डोळे मिटून आपल्यावर विसंबावं याची त्यांना सवय होती. निवृत्तीनंतर ती सोय राहिली नव्हती. मालूताईंनी पलीकडून "तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच, शशिधरराव," असं म्हटलं, तेव्हा त्यांना बऱ्याच वर्षांनी ऑपरेशन थिएटरचा वास आला.

शेजारच्या गल्लीतले कमलाकर आणि समोरचे जयंत यांना हे कळायला दोन दिवस लागले नाहीत, कारण शशिधररावांनीच त्यांना बोलावून सांगितलं. कमलाकर आयुष्यभर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात होते. कुठलीही गोष्ट आहे तशी ठेवली तर ती बिघडत नाही यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी फोनवरचं पंचांग उघडलं.

"यात काय दाखवायचंय?" कमलाकर म्हणाले. "ताई मुंबईहून दुपारी एकला निघणार. साडेसहाला इथे उतरणार. इथला चंद्रोदय आठ वाजून सात मिनिटं. बघतील, मोदक खातील, झोपतील."

"आणि साडेचार तास?" शशिधररावांनी विचारलं.

"कुठले साडेचार तास?"

"मुंबई आणि लंडनच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक आहे. इकडे येताना दिवस तेवढा लांबतो. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा उपास तुम्ही साडेचार तासांनी लांबवताय. कमलाकर, हे अमानुष आहे."

कमलाकर ओशाळले. आपण एका वृद्धेवर एवढा अत्याचार करायला निघालो होतो हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

जयंत इंजिनियर होते, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं थोडं थोडं यायचं. "विमान दोऱ्यासारखं सरळ येत नाही, शशी," ते म्हणाले. "वाटेत निम्म्या देशांचं आकाश बंद असतं, ते वळसा घालतं. शिवाय इकडे येताना वारा समोरून. जाताना नऊ तास, येताना पावणेदहा."

"धरले पावणेदहा," शशिधरराव उदारपणे म्हणाले आणि कागदावर वेळ वाढवली. इथे त्यांनी क्षणभर थांबायला हवं होतं. जाणं आणि येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे जयंतने त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांचाच चिवडा खात सांगितलं होतं. पण माणूस आकडा घेतो आणि त्यामागचं शहाणपण सांगणाऱ्याकडेच ठेवतो.

आठवडाभर चाललेल्या या गणिताचं उत्तर एका पानावर मावलं. मथळा: प्रवास-चंद्रोदय पत्रक. खाली वक्र रेषेत काढलेला मार्ग, त्यावर बाण. मजकूर असा: उड्डाणानंतर चार तास पन्नास मिनिटांनी, डाव्या खिडकीतून, पंखाच्या किंचित पुढे, चंद्रदर्शन होईल. नमस्कार करावा. मग डबा उघडावा.

"म्हणजे मुंबईत संध्याकाळचे सहा," जयंतने बोटं मोजली. "मुंबईतल्या चंद्रोदयाच्याही तीन तास आधी?"

"विमान, जयंत," शशिधरराव म्हणाले. "वेग." त्यावर जयंत गप्प बसले. वेग या शब्दापुढे इंजिनियरही गप्प बसतो, असं निदान तेव्हा तरी वाटलं.

मालूताईंना कंपनीने उजवीकडची खिडकी दिली होती. ती बदलून डावीकडची मिळवायला शशिधररावांना हेल्पलाइनवर पन्नास मिनिटं बासरी ऐकावी लागली. उपासाच्या थाळीची चौकशी केली, तर यादीत हिंदू जेवण होतं, जैन जेवण होतं, कमी मिठाचं होतं, मधुमेह्यांचं होतं. चंद्रानंतर वाढायचं जेवण नव्हतं. तेव्हा मालूताईंनी घरूनच दशम्यांचा डबा घ्यावा असं ठरलं. पत्रक व्हॉट्सॲपवर पार्ल्याला गेलं. तिथे मालूताईंच्या पुतण्याने ते छापून लॅमिनेट केलं आणि गळ्यात अडकवायला नाडी लावली. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही ते गेलं. बेचाळीस अंगठे आले. ग्लासगोहून रश्मी नावाच्या बाईंनी विचारलं, माझ्या सासूबाईंसाठी असं एक कराल का, काका? शशिधररावांनी विनयाने उत्तर दिलं, प्रवासाची तारीख कळवा.

संकष्टीचा दिवस उजाडला. मुंबईहून विमान सुटलं तेव्हा ईलिंगमध्ये सकाळचे आठ चाळीस झाले होते. चार तास पन्नास मिनिटं म्हणजे दीड वाजता चंद्र. शशिधररावांनी जयंत आणि कमलाकरांना सव्वा वाजता बोलावलं होतं: विमानात ताई चंद्राला नमस्कार करतील त्याच क्षणी इथे आरती, मग मोदक. वीणाताईंनी दुखऱ्या गुडघ्याने एकवीस मोदक वळले होते. टीव्हीला लॅपटॉप जोडून विमानाचा नकाशा लावला होता आणि त्यावर पिवळं चिमुकलं विमान काळ्या समुद्राच्या दिशेने सरकत होतं. भर दुपारी दीडला पाच सुशिक्षित डोळे चंद्रोदयाची वाट बघत होते. पाच, कारण जयंतच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

वीणाताई मोदकांचं ताट घेऊन आल्या, टीव्हीकडे बघितलं, मग भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकाकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे विमान उलटं का चाललंय?"

"उलटं कसं चालेल? ते आपलं..." शशिधरराव म्हणाले आणि थांबले.

टीव्हीवरचं विमान उजवीकडून डावीकडे येत होतं. पत्रकावरचा बाण डावीकडून उजवीकडे जात होता.

"ताई येतेय ना?" वीणाताईंनी विचारलं. "हा बाण जातोय."

विमान लंडनहून मुंबईला जातं तेव्हा ते रात्रीला सामोरं जातं. सूर्य भराभर बुडतो, चंद्र लवकर वर येतो, आणि येतो तो डावीकडे. शशिधररावांचं गणित मिनिटामिनिटाला बिनचूक होतं. फक्त मालूताई समोरून येत होत्या. मुंबईहून लंडनला येणारं विमान सूर्याच्या मागे लागतं. सूर्य बुडतच नाही, आणि डाव्या खिडकीत दिसतो तो तोच, दिवसभर. टाचणी हीथ्रोला होती, दोरा तिथून सुटला होता. चाळीस वर्षं शशिधरराव हा प्रवास एकाच दिशेने मोजत आले होते: इकडून तिकडे. तिकडून इकडे येणं हे त्यांच्या लेखी अंतर नव्हतंच, ती नुसती सुट्टी संपणं होती. ज्याने हजारो माणसांना दहापासून उलटं मोजायला सांगून झोपवलं, त्याला स्वतःला एकदा उलटं मोजायचं सुचलं नाही.

"मग आत्ता विमानात काय दिसत असेल?" कमलाकरांनी विचारलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

"ऊन," जयंत म्हणाले आणि एक मोदक घेतला. त्यांचा उपास नव्हता.

शशिधररावांनी आतल्या खोलीत जाऊन हेल्पलाइन लावली. यावेळी बासरी फक्त वीस मिनिटं वाजली. प्रवासात असलेल्या व्यक्तीला निरोप द्यायचा आहे, ते म्हणाले.

"इज इट अ मेडिकल इमर्जन्सी, सर?" बाईंनी विचारलं.

चौतीस वर्षांची नोकरी आडवी आली. "नो," ते म्हणाले.

"देन व्हॉट इज द नेचर ऑफ द मेसेज?"

"द मून," शशिधरराव म्हणाले, "इज नॉट कमिंग."

मग बाईंनी अतिशय सावकाश, अतिशय गोड आवाजात विचारलं, "सर, मे आय टेक युअर फुल नेम अँड डेट ऑफ बर्थ?" असलं वाक्य आणि त्यापुढे आपलं नाव हीथ्रोवरच्या कुठल्या टेबलावर जाऊन पडेल याची कल्पना येऊन शशिधररावांनी फोन ठेवला. ठेवताना सॉरी म्हणाले.

तेवढ्यात मुलाचा, सुयशचा फोन आला. तो बर्मिंगहॅमला डॉक्टर आहे. आईने कळवलं असणार. "बाबा, मावशी दहा अवर्स उपाशी, विथ सन इन हर फेस? तुम्ही डॉक्टर आहात. हा तुमचा चूक आहे, बाबा." एरवी शशिधरराव त्याचं मराठी जागच्या जागी दुरुस्त करतात. त्या दिवशी ते नुसते "हो" म्हणाले.

मग उरले पाच तास. त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. ते टीव्हीसमोर बसून राहिले. पिवळं विमान रोमानियावर आलं, हंगेरीवर आलं, आणि प्रत्येक देशावर मालूताई डाव्या खिडकीला नाक लावून बसलेल्या त्यांना दिसत होत्या. समोर वाढलेलं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं. मंडळाच्या ग्रुपवर दीडनंतर लोक विचारू लागले होते, दिसला का चंद्र? रश्मीबाईंनी सासूबाईंची तारीख कळवली होती. शशिधररावांनी फोन सोफ्याच्या उशीखाली ठेवला, आणि मग त्या उशीवर बसले.

सात वाजून दहा मिनिटांनी मालूताई व्हीलचेअरवरून बाहेर आल्या. नऊवारी, त्यावर स्वेटर, गळ्यात लॅमिनेट केलेलं पत्रक आणि डोक्यावर उंटाचं चित्र असलेली बेसबॉल कॅप. डावा गाल उजव्यापेक्षा स्पष्ट लाल झाला होता. वीणाताई काठी टेकत पुढे झाल्या आणि दोघी बहिणींनी एकमेकींचे दंड धरले. शशिधरराव दोन पावलं मागे उभे राहिले. आयुष्यात त्यांच्यावर एवढं मागे उभं राहायची वेळ कधी आली नव्हती.

"शशिधरराव," मालूताई म्हणाल्या, "चुकलं हो माझं."

"अं?"

"चंद्र हुकला. सांगितल्याप्रमाणे खिडकी उघडी ठेवून बसले होते. शेजारी एक मुलगी होती, तिला झोपायचं होतं. मी म्हटलं, बाळ, खिडकी लावू नकोस, चंद्र यायचाय. बिचारी तीही जागी राहिली. ही टोपी तिचीच, ऊन लागतं म्हणून दिली. ती विमानातली बाई तीनदा जेवण घेऊन आली. मी तिला कार्ड दाखवलं. मराठीतलं होतं, तरी तिने नीट वाचल्यासारखं केलं आणि पाणी आणून दिलं. पण मध्ये केव्हातरी माझा डोळा लागला असणार. तेवढ्यात येऊन गेला असेल. तुमचं एवढं गणित, आणि मला साधं जागं राहता आलं नाही. वीणा, यांना काही बोलू नकोस हं. यांची काही चूक नाही."

"मी काही बोलतच नाहीये," वीणाताई म्हणाल्या. आणि नवऱ्याकडे बघितलं.

शशिधररावांना त्या क्षणी समोर एक दार उघडं दिसलं. त्यातून नुसतं निघून जायचं होतं. काही खोटंसुद्धा बोलायला लागणार नव्हतं. ते त्यातून निघाले.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले.

त्या वाक्याची लाज पुढे किती दिवस राहिली ते सांगता येणार नाही, कारण अजून संपलेली नाही. त्यांनी व्हीलचेअर ढकलली. लिफ्टशी रांग होती. मालूताई मधूनच "वयच झालं माझं," असं म्हणत होत्या आणि प्रत्येक वेळी व्हीलचेअर आपोआप जड होत होती. वीणाताई काठी टेकत शेजारून चालत होत्या. काठीचा आवाज फार स्पष्ट येत होता.

गाडी पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. वर पोचले तेव्हा आठला पाच कमी होते. पूर्वेला, लंडनच्या दिशेला, पातळ ढग होते. मालूताईंनी व्हीलचेअर तिकडे वळवायला सांगितली, पदर सारखा केला, टोपी काढून मांडीवर ठेवली. क्षितिजाच्या जरा वर एक मोठा पिवळा दिवा होता. त्यांनी हात जोडले.

"मालूताई, ते विमान आहे," शशिधरराव म्हणाले.

त्या विमानामागे दुसरा दिवा होता, त्यामागे तिसरा. हीथ्रोला संध्याकाळी विमानं पूर्वेकडून दोरीत ओवल्यासारखी उतरत असतात. दुसऱ्या दिव्यालाही मालूताईंचे हात अर्धे वर गेले आणि खाली आले.

"आता तुम्हीच सांगा हो," त्या म्हणाल्या. "माझा काही भरवसा नाही. मघाशीही असंच नजरेसमोरून गेला असेल आणि मी आपली विमान समजून बसले असेन."

"मालूताई," शशिधरराव म्हणाले, "मघाशी चंद्र नव्हताच."

त्या वळून बघायला लागल्या.

"तुमचा डोळा लागला नव्हता. मी उलटं मोजलं. मी इथून तिकडे जाण्याचं गणित केलं, तुम्ही तिकडून इकडे येत होतात. तुम्हाला कंपनीने बरोबर जागा दिली होती, ती मी बदलली. काही केलं नसतं, तर तुम्ही सावलीत झोपून आला असतात." एवढं बोलून त्यांना वाटलं की संपलं, पण संपलेलं नव्हतं. "आणि हे मला दीड वाजल्यापासून माहीत आहे. खाली तुम्ही म्हणालात तेव्हाही माहीत होतं."

मालूताईंनी गळ्यातलं कार्ड काढलं आणि दिव्याच्या उजेडात हात लांब करून धरलं. शशिधररावांना वाटलं, त्या ते फेकतील. त्यांना ते चाललं असतं. पण लॅमिनेट केलेली लाज फेकून कुठे जाणार.

"म्हणजे जाताना हे बरोबर आहे?" मालूताईंनी विचारलं.

"अं? हो. जाताना बरोबर आहे."

"मिनिटाला?"

"मिनिटाला," शशिधरराव म्हणाले. आवाजात अभिमान येऊ नये याची त्यांनी पराकाष्ठा केली.

"मग परतीचं तिकीट संकष्टीचं बदलून घ्या," मालूताई म्हणाल्या. "आणि दोन काढा. डाव्या खिडकीत तुम्ही बसायचं. चंद्र आला की मला उठवायचं. तोवर पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही." त्यांनी मांडीवरची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. "ही ठेवा. परत चुकलात तर लागेल."

वीणाताई पहिल्यांदाच हसल्या आणि पर्समधून मोदकांचा छोटा डबा काढला. जयंतने सोडलेले चार होते. आठ वाजून सात मिनिटं झाली. ढगामागे कुठेतरी पंचांगाप्रमाणे चंद्र उगवला असणार. दिसत मात्र एकामागून एक विमानंच होती. मालूताईंनी पूर्वेकडे हात जोडले, पाण्याच्या बाटलीतून चमचाभर पाणी सोडलं, आणि एक मोदक शशिधररावांपुढे धरला.

सकाळपासून त्यांनीही काही खाल्लेलं नव्हतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. टोपी डोक्यावर घातली आणि मोदक घेतला.